मुलांना प्रार्थना शिकवण्याची परंपरा : गोवा, वसई आणि अहमदनगर

ख्रिस्ती घरात मुलाला प्रार्थना शिकवण्याची जबाबदारी प्रथम घरावर येते. ही समजूत ज्यू धर्मपरंपरेतून आली. देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवणे हे आईबापांचे नित्याचे काम आहे, असे जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात सांगितले आहे. येशू अशाच एका घरात वाढला. लूकच्या शुभवर्तमानात शिष्य त्याच्याकडे प्रार्थना शिकवण्याची मागणी करतात, तेव्हा तो त्यांना जे मोजके शब्द देतो ते पुढे ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणून ओळखले गेले. मागणी करणारे शिष्य प्रौढ होते, पण ही प्रार्थना इतकी आटोपशीर आहे की जगभरच्या ख्रिस्ती मुलांचा पहिला धडा बहुधा तीच ठरली.

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असा नियम आहे. पुढच्या काही शतकांत मात्र ती कुणालाही सहज सांगितली जात नसे. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या प्रौढांना ती विधिपूर्वक दिली जाई आणि त्यांना ती पाठ करून म्हणून दाखवावी लागे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने अशा प्रसंगी केलेली प्रवचने आजही वाचायला मिळतात. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा सर्वत्र रूढ झाला तसा हा क्रम उलटला. बाप्तिस्मा आधी आणि शिकवण मागाहून, अशी रीत पडली. मुलाच्या वतीने वचन देणारे धर्ममातापिता पुढे आले आणि मूल बोलू लागले की त्याला प्रार्थना व विश्वासांगीकार शिकवणे हे त्यांचे कर्तव्य ठरले. शार्लमेनच्या राज्यात ७८९ साली निघालेल्या फर्मानानेही धर्मगुरूंना ही शिकवण देण्याची ताकीद दिली होती.

अडचण भाषेची होती. पश्चिम युरोपात प्रार्थनेची भाषा लॅटिन, तर शेतकऱ्याच्या पोराच्या कानावर पडणारी भाषा निराळी. त्यामुळे असंख्य मुलांनी अर्थाविनाच शब्द पाठ केले. मध्ययुगाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मुठीच्या छोट्या लाकडी फळीवर मुळाक्षरांचा कागद चिकटवून तो शिंगाच्या पारदर्शक पापुद्र्याने झाकत आणि त्याच कागदावर मुळाक्षरांखाली प्रभूची प्रार्थना लिहीत. अक्षरओळख आणि प्रार्थना यांची ही जोडी पुढे छापील अंकलिपीतही टिकली. धर्मसुधारणेच्या काळात प्रार्थना घरच्या भाषेत आली. मार्टिन लूथरने १५२९ साली काढलेल्या लहान प्रश्नोत्तरीतली प्रकरणे कुटुंबप्रमुखाने घरच्यांना साध्या शब्दांत कशी शिकवावीत, अशा रीतीने मांडली आहेत. सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणाच्या वेळच्या प्रार्थनाही त्याने तिथेच दिल्या. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात रविवारी व सणावारी मुलांना धर्मशिक्षण मिळावे, असे बिशपांना बजावले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ही पद्धत ट्रेंटच्या या आदेशाच्या वीस वर्षे आधीच पोचली होती. जेझुइट मिशनरी फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. रुग्णालयात मुक्काम, सकाळी रुग्ण आणि कैदी यांची सेवा, आणि त्यानंतर हातात घंटा घेऊन गल्लीगल्लीतून मुलांना व गुलामांना हाक, असा त्याचा दिवस असे. जमलेला घोळका घेऊन तो रुग्णालयाजवळच्या मारियेच्या चॅपेलमध्ये जाई. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने मुलांची संख्या पुष्कळदा तीनशेवर जात असल्याचे नोंदवले आहे. हे पाहून गोव्याच्या बिशपने इतर चर्चमध्येही तसेच वर्ग भरवण्याची आज्ञा दिली. शिकवण्यासाठी झेवियरने ज्वांव द बार्रोश या पोर्तुगीज विद्वानाच्या १५३९ सालच्या बालपुस्तकाचा आधार घेतला होता. या पुस्तकात मुळाक्षरांच्या जोडीला प्रार्थना छापलेल्या होत्या. झेवियरची स्वतःची प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर, १५५७ साली, गोव्यात छापली गेली. छापखाना गोव्याला येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. भारतात छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांमध्ये मुलांना प्रार्थना शिकवण्याचे पुस्तक होते, ही गोष्ट छपाईच्या इतिहासात क्वचितच ठळकपणे सांगितली जाते.

झेवियरची खरी पद्धत दिसते ती मात्र गोव्यात नव्हे, तर दक्षिणेच्या मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांच्या गावांत. तिथे पोर्तुगीजचा उपयोग नव्हता. त्याने दोन्ही भाषा जाणणाऱ्या लोकांना हाताशी धरून क्रूसाची खूण, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि मारियेला वंदन यांचे तमिळ रूप तयार करवून घेतले, ते स्वतः पाठ केले आणि गावोगाव घंटा वाजवत दिवसातून दोनदा मुलांना गोळा केले. कोचीनहून जानेवारी १५४४ मध्ये पाठवलेल्या पत्रात तो लिहितो की प्रार्थना शिकवल्याशिवाय मुले त्याला जेवू देत नाहीत की झोपू देत नाहीत. शिकलेल्या मुलांनी आईबापांना, घरातल्या नोकरचाकरांना आणि शेजाऱ्यांना शिकवायचे, अशी त्याची योजना होती. घरोघरचे आजारी लोक बोलावत तेव्हा तो स्वतः जाण्याऐवजी पुष्कळदा मुलांनाच क्रूस देऊन पाठवी, आणि मुले रुग्णाच्या उशाशी उभी राहून प्रार्थना म्हणत. ज्याला शिकवायचे त्याच्याच हाती शिकवण्याचे काम सोपवण्याची ही रीत पुढच्या मिशनरींनी उचलली.

याच पत्रव्यवहारात एक काळी बाजूही आहे. घरात कुणी जुन्या मूर्तींची पूजा करत असेल तर मुले ती बातमी झेवियरला आणून देत आणि त्याच्याबरोबर जाऊन त्या मूर्ती फोडत. प्रार्थना शिकवण्याच्या नावाखाली मुलाला आईबापांवर पाळत ठेवायला लावणे हा त्याच्यावर आणि त्याच्या घरावर झालेला अन्यायच होता, आणि झेवियरच्या प्रेमळपणामुळे तो झाकला जाऊ नये. गोव्यात तर यात राज्यसत्ताही उतरली. १५५९ च्या राजाज्ञेने हिंदू अनाथ मुलांना आप्तांकडून काढून घेऊन सेंट पॉल कॉलेजाच्या ताब्यात द्यावे असे ठरले. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले. त्या दशकात गोव्यातल्या बार्देश आणि साष्टी या भागांत देवळे पाडली गेली. त्या काळातल्या गोव्यातल्या मुलाने म्हटलेली प्रार्थना आईने शिकवलेली होती की सत्तेने, याचे एकच उत्तर देता येत नाही.

साष्टीतल्या पुढच्या पिढीपर्यंत प्रार्थना पोचवण्याचे सर्वांत मोठे काम केले ते इंग्लंडमध्ये जन्मलेल्या जेझुइट थॉमस स्टीफन्सने. तो १५७९ साली गोव्याला आला आणि १६१९ साली वारला. मधली चाळीस वर्षे बहुतांश साष्टीच्या गावांत गेली. लोकांची बोली त्याने इतकी आत्मसात केली की त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठी-कोकणीच्या मिश्र भाषेत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली रायतूरला छापलेल्या या पुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पण लहान मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचे त्याचे दुसरे पुस्तक, ‘दौत्रीन ख्रिस्तां’. कोकणीतील हे पहिले छापील पुस्तक. स्टीफन्सच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ साली, ते रायतूरलाच रोमन लिपीत प्रसिद्ध झाले. देवनागरीचे खिळे पाडणे तेव्हा साधले नव्हते. ते व्हावे अशी त्याची इच्छा होती आणि १६०८ सालच्या पत्रात त्याने वरिष्ठांना तसे कळवलेही होते.

हे पुस्तक मार्कुश जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइटाने मुलांसाठी लिहिलेल्या प्रश्नोत्तरीच्या धर्तीवर बेतलेले आहे. गुरू आणि शिष्य यांच्यात संवाद चालतो. क्रूसाची खूण कशी करायची, ती का करायची, प्रभूच्या प्रार्थनेत कोण कोणाशी बोलते, प्रत्येक मागणीचा अर्थ काय, हे सारे आटोपशीर प्रश्नांतून उलगडते. प्रार्थनेचा संपूर्ण मजकूर मुलाने आधी पाठ करायचा आणि मग त्याचे तुकडे करून एकेका तुकड्याचा अर्थ समजून घ्यायचा. मूळ पुस्तकाचा सांगाडा परका असला तरी स्टीफन्सने भाषा साष्टीच्या घरातली ठेवली. मुलाला देवाविषयी सांगताना त्याच्या आईच्या तोंडचे शब्द वापरले तर शिकवण लवकर रुजते, हे त्याला समजले होते.

‘ख्रिस्तपुराणा’चा उपोद्घातही याच वर्गांशी जोडलेला आहे. रविवारी देवमंदिरात उपासना आटोपल्यावर साष्टीतले नवख्रिस्ती धर्माविषयी प्रश्न विचारायला बसले आहेत, अशा प्रसंगातून पुराण सुरू होते. रोजच्या नेमाच्या प्रार्थना ठीक आहेत, पण पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचायला, गायला आपल्याकडे काय आहे, अशी त्या लोकांची खंत. पाठांतराने मुलांचे भागत होते, मोठ्यांना कथा हवी होती. स्टीफन्सने दोघांचीही सोय केली.

गोव्यातल्या बहुतेक चर्चना जोडून शाळा होती. तिथे मुले वाचन आणि धर्मशिक्षणाबरोबर सूर लावायला शिकत. मेस्त्रे म्हणून ओळखला जाणारा गायन-शिक्षक व्हायोलिन हातात घेऊन प्रार्थना गाऊन घेई. मुलांनी दौत्रीन गात रस्त्याने मिरवत जायचे अशीही प्रथा होती. त्या काळच्या जेझुइट पत्रांत मुले वाटेने आणि मोठी माणसे शेतात काम करताना या प्रार्थना गातात, असे उल्लेख येतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या गावात चाल हीच स्मरणाची सोय होती. गोव्याच्या संगीतपरंपरेची मुळे शोधताना अभ्यासक या चर्चच्या शाळांपर्यंत येतात ते उगाच नव्हे.

पुढे सत्तेने पुन्हा हस्तक्षेप केला. व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द ताव्होरा याने २७ जून १६८४ रोजी फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. जेझुइटांना १७५९ साली हाकलण्यात आले. १८१२ साली आर्चबिशपने शाळेत मुलांच्या कोकणी बोलण्यावर बंदी घातली. चर्चच्या आवारात पोर्तुगीज आणि लॅटिनचा जोर वाढत गेला. घरात मात्र कोकणी प्रार्थना चालूच राहिली, आणि त्याचे श्रेय गोव्यातल्या बायकांना द्यावे लागेल. धर्मशिक्षणाच्या लिखित इतिहासात नावे येतात ती धर्मगुरूंची. संध्याकाळी मुलाचा हात धरून त्याला क्रूसाची खूण करायला शिकवणाऱ्या आईची वा आजीची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

ही संध्याकाळची रीत गोव्याच्या कॅथलिक घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. दिवेलागणीला चर्चची आंजेलुसची घंटा झाली की अंगणात खेळणारी मुले घरात परतत. वेदीसमोर दिवा लागे. मग तेर्स, म्हणजे जपमाळ. घरातली वडीलधारी व्यक्ती सुरुवात करी, बाकीचे उत्तरार्ध म्हणत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका दहाची सुरुवात करायला मिळाली की तो त्याच्या मोठेपणाचा पहिला मान. त्याहून लहान मूल मांडीवर बसून नुसते ऐके. मोठ्याने म्हटलेली ओळ तेवढ्याच लयीत पन्नास वेळा कानावर पडल्यावर तिचे शेवटचे अक्षर त्याच्याही तोंडून निघू लागे. बोलायला येण्याआधी हात शिकतो. उजवा हात कपाळावर, मग छातीवर, मग डाव्या खांद्यावरून उजव्यावर. आई मागे बसून स्वतःच्या हाताने त्याचा हात फिरवी. तेर्स संपल्यावर मुले वयाच्या क्रमाने आजोबा-आजी, आई-वडील यांच्याकडे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागत. मे महिन्यात वाड्यावरच्या क्रूसापाशी लादीन, म्हणजे गाऊन म्हणायची सामुदायिक प्रार्थना, होई. शेवटी उकडलेले चणे वाटले जात. लहानांच्या उपस्थितीत चण्यांचा वाटा मोठा होता, आणि त्यात वावगे काही नाही. प्रार्थनेला जमायचे असते हे मूल आधी शिकते आणि तिचा अर्थ त्याला नंतर कळतो.

उत्तरेकडे वसईची गोष्ट थोडी वेगळी आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले, पण वसई व मुंबईजवळच्या साष्टी बेटातले (गोव्यातली साष्टी निराळी) सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती तिथेच राहिले. यापुढे त्यांची भिस्त गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंवर. त्यांची संख्या अपुरी, गावे विखुरलेली. धर्मगुरू रोज उपलब्ध नसताना पुढची पिढी ख्रिस्ती राहिली ती घरातल्या जपमाळेमुळे आणि गावच्या क्रूसापाशी होणाऱ्या प्रार्थनेमुळे. पोपटपंची म्हणून पाठांतराला नावे ठेवणाऱ्यांनी वसईकडे पाहावे. ज्या समाजापाशी पुस्तक नसते आणि गुरूही नसतो, त्याच्यापाशी उरते ते फक्त पाठ असलेले.

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलुखात प्रॉटेस्टंट मिशनरी आले तेव्हा दृष्टी बदलली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ पासून अहमदनगर हे या मिशनचे प्रमुख केंद्र बनले. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली कोकणात आले आणि १८२९ साली जॉन विल्सन मुंबईला पोचला. या मंडळींचा भर वाचनावर होता. मुलाने बायबल स्वतः वाचावे आणि देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलावे, ही त्यांची अपेक्षा. त्यासाठी शाळा काढल्या, मुलींसाठीही काढल्या. अमेरिकन मिशनची शिक्षिका सिंथिया फरार १८२७ साली मुंबईला आली आणि पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या. तिची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. या शाळांत प्रार्थनेने दिवस सुरू होई. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि प्रश्नोत्तरी पाठ करावी लागे. म्हणजे पाठांतर इथेही सुटले नाही, पण त्याला जोड मिळाली ती उत्स्फूर्त प्रार्थनेची. मोठ्या माणसाने एक वाक्य म्हणायचे, मुलाने ते मागून म्हणायचे, आणि काही दिवसांनी मुलाने स्वतःचे एखादे वाक्य त्यात घालायचे, ही मराठी ख्रिस्ती घरांतली परिचित पायरी याच धाटणीतून आली.

या शाळांत बहुसंख्य मुले ख्रिस्ती नव्हती, आणि वाद पेटला तो इथेच. १८३९ साली विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत खळबळ उडाली आणि पालकांनी मुले काढून घेतली. १८४३ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या प्रकरणात पुन्हा तेच झाले. प्रार्थना शिकवण्याचा अधिकार कोणाचा, पालकाचा की शाळेचा, हा प्रश्न त्यानंतर कधीच मिटला नाही.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न अगदी जवळून पाहायला मिळतो. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली त्यांनी विधवा मुलींच्या शिक्षणासाठी मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला हलले. ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे त्यांनी सल्लागार मंडळाला सांगितले होते. मंडळात रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. रमाबाईंची मुलगी मनोरमा तेव्हा लहान होती. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. दार उघडे असे. हळूहळू सदनातल्या काही मुली आपण होऊन दारात आणि मग आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कुणाला बोलावले नाही आणि कुणाला घालवलेही नाही. बातमी पुण्यात पसरली, वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली आणि १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामा दिला. आपल्या मुलीला प्रार्थना शिकवण्यासाठी दार लावून घ्यायचे नाही, हा रमाबाईंचा आग्रह. दुसऱ्यांच्या मुली विश्वासाने सोपवलेल्या असताना ते उघडे ठेवणे म्हणजे वचनभंग, हा विरोधकांचा आक्षेप. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात वजन होते. आईने आपल्या लेकराजवळ बसून देवाचे नाव घ्यावे ही बाब खाजगी म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण मुले जे पाहतात त्याकडे ओढली जातात.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७ च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली होत्या. १९०५ साली तिथे मोठी धार्मिक जागृती झाली. तिची सुरुवात मुलींच्या रोजच्या प्रार्थनामंडळांतून झाली होती. ज्यांनी आईबाप उपासमारीने गमावले होते अशा मुली इथे मोठ्याने, एकत्र आणि स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी उरलेल्या आयुष्यात संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. कमी शिकलेल्या स्त्रियांना आणि मुलींना ते कळावे हा त्यामागचा हेतू. छपाईचे कामही मुक्तीतल्याच मुलींनी केले. १९२२ साली रमाबाई वारल्या, त्यानंतर दोन वर्षांनी ते बायबल प्रसिद्ध झाले.

अहमदनगरला याच सुमारास प्रार्थनेला मराठी चाल मिळत होती. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-भजनाचे वळण दिले. त्यांच्या आधी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालीवर म्हटली जात. त्यांत शब्दांची ओढाताण होई आणि मुलांना ते गाणे जड जाई. फुलामुलांचा कवी म्हणून टिळकांची ओळख होतीच. त्यांची भजने मुलांच्या तोंडी सहज बसली, आणि ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातून ती आजही गायली जातात. मराठी ख्रिस्ती मुलांच्या वाट्याला स्टीफन्सनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी पुन्हा एकदा घरच्या छंदातली प्रार्थना आली. मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मासिकही मुलांपर्यंत पोचत होते. ते १८७३ साली निघाले, म्हणजे वि. कों. ओक यांच्या ‘बालबोध’च्या आठ वर्षे आधी.

शब्बाथ शाळा, बोलीभाषेत संडे स्कूल, ही प्रॉटेस्टंट मुलांची साप्ताहिक शाळा. तिचा आरंभ ग्लॉस्टर येथे १७८० साली रॉबर्ट रेक्स याने गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी केला होता. रविवार हा त्यांचा एकच मोकळा दिवस. भारतात १८७६ साली अलाहाबादेत इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली आणि ठिकठिकाणचे वर्ग एका सूत्रात आले. रविवारी सकाळी मोठ्यांच्या उपासनेआधी मुले सतरंजीवर बसतात. हात जोडून, डोळे मिटून आरंभीची प्रार्थना. मग गोष्ट, चित्राचे कार्ड, आणि त्या आठवड्याचे सुवर्णवचन. पुढच्या रविवारी ते न चुकता म्हणणाऱ्याचे कौतुक. हातवारे करून म्हणायची गाणी सर्वांत लहान गटासाठी. शेवटी शिक्षिका एखाद्या मुलाला प्रार्थना करायला सांगते, आणि मूल आजारी आजीसाठी, परीक्षेसाठी, हरवलेल्या कुत्र्यासाठी मागते. मूल प्रार्थनेत आपले जग घेऊन येऊ लागते ते इथून.

कॅथलिक बाजूला विसाव्या शतकाच्या आरंभी पोप दहावे पायस यांनी दोन मोठे बदल केले. १९०५ साली त्यांनी प्रत्येक धर्मग्रामात रविवारी तासभर मुलांचे धर्मशिक्षण सक्तीचे केले. ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने पहिल्या कम्युनियनचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. त्याआधी मुलांना पुष्कळदा दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागे. सात वर्षांच्या मुलाकडून मोठ्या प्रश्नोत्तरीची अपेक्षा करता येत नाही. तेव्हा शिकवण छोटी, सोपी आणि आधी सुरू करणे भाग पडले. वसई-मुंबईच्या धर्मग्रामांत आज ‘प्रथम कम्युनियन’चा जो वर्ग भरतो त्याची मुळे याच आदेशात आहेत.

प्रार्थना कशी शिकवावी याबाबतचा विचारही बदलला. मारिया माँटेसरीने बार्सिलोनात लहान मुलांसाठी उपासनेची छोटी खोली उभी केली, जिथे वेदी, मेणबत्ती, भांडी सारे मुलांच्या उंचीचे. मूल हाताळून, न बोलता, स्वतःच्या गतीने शिकते, हे तिचे तत्त्व. तिने १९३९ ते १९४६ ही वर्षे भारतात काढली आणि इथल्या बालशिक्षणावर तिचा ठसा उमटला. तिच्याच मार्गाने १९५४ साली रोममध्ये सोफिया कावाल्लेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी लहान मुलांच्या धर्मशिक्षणाची नवी पद्धत सुरू केली, ज्यात शांत बसणे हीदेखील प्रार्थना मानली गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनाविधी, लोकभाषेत आणली. तोवर मिस्सेत सेवा करणारी मुले लॅटिन उत्तरे घोकत. आता मराठीत उत्तर देऊ लागली. १९६७ साली बंगळूरला राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र सुरू झाले आणि भारतीय कथा, चित्रे, भजने वर्गात आली. व्हॅटिकनने १९७३ साली मुलांच्या मिस्सेसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढून छोटी वाचने, संवाद आणि गाणी यांना मान्यता दिली.

विल्सनच्या आणि रमाबाईंच्या काळातल्या वादावर स्वतंत्र भारताने कायद्याने उत्तर दिले. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल तर कोणाही विद्यार्थ्याला त्यात वा उपासनेत सहभागी व्हायची सक्ती करता येत नाही. अल्पवयीन मुलासाठी पालकाची संमती लागते. त्यामुळे ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा आणि इतरांसाठी नीतिशिक्षणाचा वेगळा तास ठेवण्याची पद्धत रूढ झाली, आणि प्रार्थना शिकवण्याचे काम पुन्हा घराकडे आणि चर्चकडे आले.

भाषेचा प्रश्न आता नव्या रूपात आला आहे. मुंबई, वसई आणि गोव्यातली पुष्कळ ख्रिस्ती मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि इंग्रजीत प्रार्थना पाठ करतात. त्यांच्या आज्या मराठीत, सामवेदीत किंवा कोकणीत. जपमाळ एकत्र म्हणताना एका घरात दोन भाषा ऐकू येतात. धर्मगुरू आणि संडे स्कूलचे शिक्षक यावर आपापल्या परीने वाट काढतात. काही धर्मग्रामांत वर्ग दोन्ही भाषांत भरतात, काही ठिकाणी प्रभूची प्रार्थना मराठीतही पाठ हवी असा आग्रह धरला जातो, आणि हा आग्रह धरणाऱ्यांची बाजू सबळ आहे: स्टीफन्सपासून टिळकांपर्यंत ज्यांनी ज्यांनी या किनाऱ्यावर मुलांना प्रार्थना शिकवण्यात यश मिळवले, त्या सर्वांनी ती घरच्या बोलीत शिकवली होती.